उलटं पॅडल

रॉटरडॅमला खेटून असलेल्या कापेले आन देन आयसेल या गावात पाहण्यासारखं काय आहे, ते प्रस्तुत लेखकाला मुलीने आधीच सांगून टाकलं होतं. नदी आहे, आणि लोक राहतात. बाकी गाव कामाला रॉटरडॅमला जातं आणि संध्याकाळी मेट्रोने झोपायला परत येतं.

लेखक पुण्याचा, पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाचा. म्हणून जावयाची सायकल न विचारता काढली. हँडलला ब्रेकच नाहीत, हे कळलं ते नदीच्या बांधावर चढल्यावर.

अशा डच सायकलींचा ब्रेक पॅडलमध्ये असतो. उलटं फिरवलं की चाक जागीच थांबतं. पुण्यात उतारावर उलटं पॅडल मारायचं ते नुसतं फ्रीव्हीलची टरटर ऐकायला. समोरून एक आजीबाई सायकलवर ताठ बसून आल्या. त्यांना वाट देताना लेखकाने ऐटीत उलटा पाय मारला.

पुढचं सगळं उतारावर घडलं. इथे रस्ता बांधावर, घरं पायथ्याशी. डच लोक पडदे लावत नाहीत म्हणतात, ते लेखकाने गडगडता गडगडता तपासलं: आधी वरच्या मजल्यावरचं कपाट दिसलं, मग खालचा सोफा, मग हायड्रेंजियाची फुलं. फुलं फार जवळून.

घर आजीबाईंचंच निघालं. त्यांनी आधी सायकल तपासली, मग फुलं, मग लेखक. कॉफी दिली. बिस्किटांचा डबा उघडला, एक दिलं, झाकण टक्‌ लावलं. पुणेकराने कुणाच्या आतिथ्याबद्दल बोलू नये, पण एकच?

खिडकीतून नदीवरचे उंच मनोरे दिसत होते. त्यांच्यामधली ८० मीटर रुंदीची पोलादी झडप समुद्र चढला की खाली येते. १९५८ साली उभं राहिलेलं हे पूर रोखायच्या डेल्टा प्रकल्पाचं पहिलं काम. पुढे न्यूवेरकेर्क गावाजवळ जमीन समुद्रपातळीच्या पावणेसात मीटर खाली आहे. १ फेब्रुवारी १९५३च्या पहाटे समुद्राच्या पुरात तिथलाच बांध फुटला, तेव्हा आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याने आपली बोट आडवी घालून भगदाड बुजवलं. बोटीचं नाव ‘दोघे भाऊ’. त्या पुरात देशात १,८३६ माणसं गेली.

आजीबाई हे सांगताना बांधाकडेच बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी डबा पुन्हा उघडला.

लेखकाने एकच बिस्किट घेतलं. सायकल घरापर्यंत हातात धरून नेली.