मागितलं होतं, दिलं नाही

जातिवंत मांजरांची पैदास करून विकणारा माणूस पुण्या-मुंबईत आता नवलाचा राहिलेला नाही. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या गावात मात्र तो अजून विरळा आहे, त्यामुळे तिथे तो सगळ्या लक्षणांसकट पाहायला मिळतो. शर्ट कोणत्याही रंगाचा असो, त्यावर पांढरे केस. खिशात कापसाचे बोळे. मोबाइलमध्ये स्वतःच्या लग्नाचा एक फोटो, मांजरांचे हजारावर. आणि तोंडी एक ठरलेलं वाक्य : ‘‘पुण्याची पार्टी होती. पंचवीसला मागितलं होतं. दिलं नाही.’’

या वाक्यातला आकडा स्थळाप्रमाणे बदलतो. स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर पंचवीस हजार असतो, बार्शीतल्या लग्नाच्या पंगतीत तीस होतो, आणि सोलापूरहून मेव्हणा आला की पस्तीसला टेकतो. पार्टी मात्र कायम पुण्याचीच, कायम मोठ्या गाडीतून आलेली आणि कायम हिरमुसून परत गेलेली. ती गाडी गावात कोणी पाहिलेली नाही. ज्या गावात परगावची मोटारसायकल आली तरी तीन जण पाहुणा कुणाचा म्हणून चौकशी करतात, तिथे एवढी मोठी गाडी न दिसता येऊन जाते, याचा खुलासा कोणी मागत नाही.

मागत नाही, कारण वाक्य त्याचं नाहीच. घराण्यातून आलेलं आहे. सोलापूर जिल्हा हा खिलार बैलांचा मुलूख. सांगोल्याचा रविवारचा बाजार आणि आटपाडीकडची खरसुंडीची यात्रा इथे वळू बघायला, दाखवायला आणि मुख्य म्हणजे न विकायला माणसं पिढ्यान् पिढ्या जात आली. आजोबांच्या दावणीला एक कोसा खोंड होता. त्याला म्हसवडच्या कुणा पाटलांनी मागितलं होतं आणि आजोबांनी दिलं नव्हतं. जनावर आदत आहे, दुसा आहे की चौसा, हे आजोबा दात न बघता चालीवरून सांगत. शिंगांची ठेवण, खांदा, पाठीची सरळ रेघ, शेपटीचा गोंडा या सगळ्याला त्यांच्या मनात गुण ठरलेले होते. कागदावर एकही नव्हता.

नातवाचे गुण कागदावर आहेत. पर्शियन मांजराला प्रदर्शनात शंभरपैकी गुण देतात आणि अमेरिकेतल्या एका जुन्या संस्थेच्या नियमाप्रमाणे त्यातले 30 एकट्या डोक्याला असतात. बाजारातली भाषा याहून सोपी आहे. नाक जरा पुढे असलं तर डॉल फेस, अर्धवट बसलं तर सेमी पंच, पार डोळ्यांच्या रेषेत गेलं तर पंच. नाक जितकं आत, तितका भाव वर. हे गणित शेजारच्या म्हातारीला पटत नाही. पहिला पंच बोका घरी आला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘काय वो, दारात घावलं का काय हे?’’ दुसऱ्या दिवशी तिनं उंदीर धरतंय का, म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी किंमत कळली, तेव्हापासून ती त्याला ‘सायेब’ म्हणते.

या मांजराचा इतिहास मांजरवाल्याला पाठ असतो, फक्त सोयीपुरता. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी 1620 च्या सुमारास खोरासानातल्या लांब केसांच्या मांजरांवर भाळला, ती मायदेशी न्यायचा बेत त्यानं आखला आणि पुढे सुरत-गोवा करत परतला, इथवरची गोष्ट तो रंगवून सांगतो. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली हॅरिसन वेअर यांनी भरवलेलं मांजरांचं प्रदर्शनही त्याच्या बोलण्यात असं येतं, की जणू त्याच्या बोक्याचे पणजोबा तिथे हजर होते. ‘‘इराणी रक्त आहे,’’ हा या व्याख्यानाचा शेवट. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पर्शियन मांजरं इराणच्या नव्हे, तर पश्चिम युरोपच्या मांजरांच्या गटात बसली, हे त्याला कोणी सांगितलं तर तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘‘म्हणजे इंपोर्टेडच की.’’

व्यवसायाचं चक्र माजापासून सुरू होतं. मांजरी माजावर आली की घर झोपत नाही, आणि गल्लीही नाही. बोका स्वतःचा नसेल तर मांजरीला सोलापूरला ‘मेटिंग’ला न्यावं लागतं. मोबदला म्हणून रोख पैसे, नाहीतर होणाऱ्या पिलांतलं एक. वळूच्या बाबतीत आजोबांना हाच व्यवहार ठाऊक होता, फक्त त्यांना जनावर एसटीतून टोपलीत घालून न्यावं लागलं नाही. साधारण 63 ते 65 दिवसांनी विण्याची वेळ येते आणि या काळात मांजरवाल्याचा चेहरा पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा होतो. त्याची भीती खोटी नसते. चपट्या तोंडाच्या मांजरांत पिलाचं डोकं मोठं असतं, ते अडकू शकतं, आणि अडकतं ते नेमकं रात्री दोन वाजता. मग ज्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींच्या अडलेल्या वासरांवर बसलेला, त्यांना फोन जातो. डॉक्टर येतात, हात बघतात, मांजर बघतात आणि करंगळीनं सुरुवात करतात.

पुढचे तीन महिने पिलांचे. आठवड्या-दीड आठवड्यात डोळे उघडतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली लस, बाराव्यानंतर रेबीजची. मधल्या काळात गजकर्ण येतं. लांब केसांच्या मांजरांना ते चटकन धरतं आणि मांजरावरून माणसावर उतरतं. त्यामुळे अशा घरात मलमाची ट्यूब एकच असते आणि ती आळीपाळीनं मांजरी, नातू, सून आणि पाहुणे यांच्यात फिरते. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला द्यायची नाही, ती त्याला विषच आहे, हे मांजरवाल्यानं फ्रीजवर लाल अक्षरांत लिहून ठेवलेलं असतं. खाली लहान अक्षरांत गॅस सिलिंडरवाल्याचा नंबर.

एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. पारा 42 च्या वर जातो तेव्हा त्या दाट केसांच्या जिवाला वैराग सोसत नाही. घरात एसी एकच आणि तो मांजरांच्या खोलीत. म्हातारे वडील दुपारी अंगणात लिंबाखाली पडून असतात. ‘‘आत जावा की तात्या, गार आहे,’’ असं कोणी म्हटलं तर ते म्हणतात, ‘‘जातो, पण तिथं नाक बसकं असावं लागतंय.’’ वीज गेली की इन्व्हर्टर पंख्याला जोडायचा की मांजरांच्या कूलरला, यावर घरात दर उन्हाळ्यात एक मोठं भांडण होतं आणि दर उन्हाळ्यात मांजरं जिंकतात.

हिशेबाची वही बायको ठेवते. पाकिटातलं खाद्य, उकडलेलं चिकन, वाळू, लसी, डोळ्यांचे थेंब, विजेचं बिल हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूच्या पानावर वरती ‘विक्री’ असं ठसठशीत लिहिलेलं आणि खाली पान बरंचसं कोरं. ‘‘त्या पुण्याच्या पार्टीचं पण इथं लिहू का?’’ असं तिनं एकदा विचारलं होतं. त्या दिवशी वाक्य घरात बोललं गेलं नाही.

पान कोरं राहण्याचं कारण गिऱ्हाईक नसणं हे नव्हे. गिऱ्हाईक येतं. त्याची उलटतपासणी होते. घरात लहान पोर किती वयाचं, कुत्रं आहे का, गच्चीला जाळी आहे का, रोज केस विंचरणार कोण, डोळ्यांतलं पाणी कोण पुसणार. मुलीच्या वाढदिवसाला भेट द्यायला बोका हवा असलेला मनुष्य या प्रश्नांपुढे घामाघूम होतो आणि लव्हबर्ड्स घेऊन जातो. बाजारात पंचेचाळीस दिवसांची पिलं सर्रास विकली जातात. हा तीन महिने झाल्याशिवाय पिलू आईपासून तोडत नाही, आणि तीन महिन्यांत त्या पिलाचं नाव पडलेलं असतं. नाव पडलं की सौदा मोडला, असं समजावं.

आणखी एक गोष्ट तो चारचौघांत सांगत नाही. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. त्याला कारण असलेला जनुकीय बिघाड 2004 साली सापडला, आणि आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. चार पिढ्यांची नावं छापलेल्या वंशावळीच्या कागदावर मूत्रपिंडाचा रकाना नसतो. त्याची सर्वांत देखणी मांजरी याच रोगानं खंगली. तिच्या पोटच्या बोक्याचं नाक असं काही बसलेलं, की त्याला खरोखरच गिऱ्हाईक लागलं असतं, सोलापूरहूनही मेटिंगसाठी विचारणा झाली. त्यानं बोक्याची तपासणी करवली, दोष निघाला, आणि नसबंदी करून टाकली. ओळीतला सगळ्यात भारी बोका त्या दिवसापासून धंद्याच्या दृष्टीनं शून्य किमतीचा झाला. तो आता तात्यांच्या बाजेखाली झोपतो. आजोबांनीही एकदा एका उत्तम दिसणाऱ्या वळूला खुरात खोट आहे म्हणून गाईवर सोडलं नव्हतं, असं तात्या सांगतात. त्यावरून आजोबांना गावानं वेडा म्हटलं होतं.

हा माणूस धंद्यात फार वर्षं टिकत नाही. कधीतरी मोबाइलवर जाहिरात पडते : पिंजरे, केस वाळवायचा ड्रायर, वाळूचे ट्रे विकणे आहे. जाहिरातीत मांजरांचा उल्लेख नसतो. मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं, म्हणजे धंदा बंद झाल्यावरही संसार चालूच. आणि कुणी फोन करून मांजरांचं विचारलंच, तर किंमत सांगायच्या आधी तो विचारतो, तुमच्याकडे एसी आहे का, आणि असेल तर कोणत्या खोलीत.