ट्रेबलराव

नोकरीसाठी बंगळुरात आलेला मराठी माणूस आधी भाड्याचं घर घेतो, मग फ्लॅट, मग गाडी. त्यानंतर काही जण मोठे स्पीकर घेतात आणि त्यांचे ट्रेबलराव होतात.

कुणाच्याही घरी गेले की ट्रेबलराव हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि खाडकन एक टाळी वाजवतात. गणपतीत यजमानांना वाटतं, आरती सुरू झाली. हे आपले मान तिरकी करून भिंतींचा खणखणाट जोखत असतात.

दुःख एकच. "आवाज फार ब्राइट आहे हो!" गदगचे भीमसेन जोशी कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे, या वादात ते पडत नाहीत. त्यांना चिंता भीमसेनअण्णांच्या 'स'ची. तो म्हणे कानाला टोचतो, पेटी किंचाळते आणि टाळ थेट दातांत शिरतात. 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचा कान सर्वांत तिखट असतो, हे ते कुरिअरवाल्यालाही ऐकवतात.

दर शनिवारी एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची वारी. तिथून पांढरा, पेन्सिलीच्या तुकड्याएवढा 10 वॅटचा रेझिस्टर येतो. 8 ओहमच्या ट्वीटरला, म्हणजे वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरला, 2 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडला की आवाज साधारण 2 डेसिबलनं उतरतो. उतरतोही. पण रविवारी दुपारी ट्रेबलरावांना वाटतं, सतारीचं पाणीच गेलं. पुढच्या शनिवारी 1 ओहम. ट्रेबलराव दिसताच दुकानदार न विचारता खण उघडतो.

"समोर सगळी काच, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती कोऱ्या. आवाज आपटणार नाही तर काय? पडदे घेऊ या," वहिनी म्हणतात. एस. पी. रोडला लागूनच चिकपेटचा कापडबाजार. तिथं ट्रेबलराव विचारतात, "हा पडदा किती हर्ट्झपासून आवाज शोषतो?" दुकानदार म्हणतो, "साब, वॉशेबल है."

जाड, चुण्या घातलेला पडदा वरच्या पट्टीचे आवाज झकास शोषतो. खर्जाला तो हात लावत नाही. म्हणजे दुखण्यावर नेमका उतारा. पडदे लागले. त्याच आठवड्यात फरशी पुसणाऱ्या अक्कांनी चिकटपट्टीच्या खुणा न जुमानता दोन्ही स्पीकर जरा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवले. ट्वीटरचा सरळ मारा कानावरून हटला आणि अण्णांचा 'स' मवाळ झाला. ट्रेबलरावांनी श्रेय दिलं नव्या केबलला.

तुमच्याही घरी आवाज टोचत असेल, तर आधी सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा, स्पीकरची तोंडं कानांवरून थोडी वळवा. बहुतेक घरांत एवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर ट्रेबलरावांना जरूर बोलवा. मात्र त्या दिवशी गाणं ऐकायला मिळेल, अशी आशा ठेवू नका.