पंचावन्न मिनिटांचे शेठ

प्रत्येक पंगतीत हा माणूस असतोच. वाढपी वरण घेऊन आला की सगळे पानाकडे बघतात, हा मनगटाकडे. वाशिमच्या बाजार समितीतले एक अडते या जमातीचे मुकुटमणी. तोंडावर त्यांना ‘शेठ’ म्हणतात, पाठीमागे ‘पंचावन्न’.

पंचावन्न मिनिटांचा हा मंत्र मूळचा लातूरचा. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून ही आहारयोजना लोकांपुढे मांडली. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दर खाण्याला इन्सुलिन स्रवतं, ते वारंवार स्रवलं की चरबी साठते, हा त्यामागचा युक्तिवाद. उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं खा. २०१८च्या सुमारास या वादानं मराठी घरं दुभंगली. शेठ दीक्षितांकडे, सूनबाई दिवेकरांकडे. घरात दर दोन तासांनी डबा वाजायचा आणि दर दोन तासांनी शेठ कळवळायचे.

योजना म्हणते, ५५ मिनिटांपेक्षा जास्त नको. शेठनी त्याचा अर्थ लावला, ५५ मिनिटं आपल्या हक्काची. त्यातलं एकही वाया घालवणं अडतीच्या धंद्यात बसत नाही. हुरडा पार्टीला गेले. आगटी पेटायला वेळ लागला, पण शेठनी कोवळा दाणा चाखून घड्याळ आधीच लावलेलं. चोपन्नाव्या मिनिटाला गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली. पुढच्या मिनिटात जे झालं त्याला जेवण म्हणता येणार नाही.

एका तेरवीला त्यांनी पहिला घास घेतला आणि मोबाइलवर गजर लावला. पंचावन्न मिनिटांनी मांडवात सनई वाजली.

वजनाला दवाखाना कशाला? यार्डात सोयाबीनचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. पहिल्या दिवशी त्यानं एक क्विंटल चार किलो दाखवलं. शेठनी सवयीनं कडता कापला. कपड्यांचे दोन किलो, सकाळच्या पाण्याचा ओलावा एक किलो. शेतकऱ्याच्या मालाला लावतात तोच नियम स्वतःला लावणारा अडत्या यार्डानं प्रथमच पाहिला.

पण शेठ खरंच घटले, कडता न कापताही. पहाटे अकोला नाक्याकडे झपाझप चालू लागले. ‘एचबीएवनसी’ हे रक्तातल्या साखरेच्या तपासणीचं नाव यार्डात त्यांनीच आणलं. योजनेत शिरण्याआधी ही तपासणी करायची असते, म्हणून पदरचे पैसे घालून अर्ध्या यार्डाला त्यांनी रक्त द्यायला नेलं. दोघांची साखर वाढलेली निघाली. त्यांच्या गावीही नव्हतं. औषधं चालू असलेल्यांना शेठ दरडावतात, “डॉक्टरले इचारल्याबिगर काही करू नका.” एका गरोदर भाचीनं हौसेनं विचारलं, तर तिला हाकलूनच लावलं. ही योजना गरोदर बाईसाठी नाही आणि अठराच्या आतल्या पोरांसाठीही नाही, हे त्यांना बरोबर पाठ होतं. माणूस वैतागवाणा, पण बेफिकीर नाही.

मग एकदा पोतं उचलताना एका हमालाला भोवळ आली. शेठनी त्यालाही गाठलं. “दिवसातून दोनच डाव जेवाचं. मधी काही नाही. अन् चालाचं.”

हमाल पोत्यावर बसून ऐकत होता. “शेठ, सकाळी भाकर खाऊन गावाहून पायी येतो. मंग रातीच जेवतो. तिसरा डाव कोनं सांगतला तुमाले?”

हा प्रश्न एकट्या हमालाचा नाही. वाशिम जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या यादीच्या निकषांत बालकांचं पोषणही आहे. इथल्या अंगणवाडीत सेविका लेकराला काट्यावर ठेवते आणि आकडा वाढायची वाट बघते. यार्डातल्या काट्यावर उभे राहून शेठ आकडा उतरायची वाट बघतात.

त्या दुपारी शेठनी आपल्या डब्याबरोबर खानावळीतून एक ताट मागवलं आणि हमालाला शेजारी बसवलं. त्यानं सात मिनिटांत ताट पुसून घेतलं. बाहेर ट्रक उभा होता.

“अरे बापा, अजून अठ्ठेचाळीस मिन्टं हायेत,” शेठ घास हातात धरून म्हणाले.

“ते तुमी घ्या शेठ,” म्हणत हमालानं पोत्याला खांदा दिला.