आम्रखंडातलं शिसं

माझा चुलतभाऊ बँकेतून निवृत्त झाला, देवबागला जाऊन राहिला आणि तिथे त्याने फायबरची 16 फुटी होडी घेतली. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी, काठाला माड, समोर संगम. गळ टाकून गप्प बसावं अशी जागा. पण दादाचा आणि गप्प बसण्याचा जन्मात संबंध आलेला नाही. बँकेत त्याच्या टेबलाला जितके कप्पे होते, तितके आता होडीला हवेत, असं त्याने मनाशी घेतलं.

होडीत सामान काय कमी असतं? नांगर, नांगराचा दोर, वल्ही, तंगूस, गऱ्या, शिसं, सुरी, टॉर्च, पाने, जास्तीचा स्पार्क प्लग, लाइफ जॅकेटं, बर्फाचा थर्माकोलचा खोका, पाणी, पेट्रोल, शिवाय वहिनीची घावण्यांची पिशवी. निमुळती नाळ आणि मागचं इंजिन सोडलं तर उरलेल्या जागेत हे सगळं, वर आम्ही तिघं. मासळी मिळालीच तर तिची सोय काय, हा प्रश्न दादाने अजून विचारात घेतलेला नाही. मासळीनेही घाई केलेली नाही.

पहिली धाड स्वयंपाकघरावर पडली. मराठी घरात श्रीखंडाचा रिकामा डबा टाकून देणं हे पाप समजतात, त्यामुळे कच्चा माल भरपूर. शिसं आम्रखंडात गेलं, स्पार्क प्लग श्रीखंडात आणि नटबोल्ट गुलाबजाममध्ये. पत्र्याचे डबे का नकोत, यावर मला व्याख्यान मिळालं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, ते पत्र्याला सोडत नाही. दुकानदार स्टेनलेस म्हणून देतो ते बहुधा 304; खाऱ्या पाण्यात त्याहून बरं टिकतं ते 316, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. होडीत सगळं मिळून चार बोल्ट आहेत, पण दादा मॉलिब्डेनमचा उच्चार असा करतो की समोरच्याने उठून उभं राहावं.

त्याचं सगळंच हास्यास्पद आहे असं नाही. पाणी उपसायचं डबडं पाहा. खोबरेल तेलाचा पाच लिटरचा कॅन, बूच घट्ट लावलेलं आणि बूड तिरकं कापून काढलेलं. मूठ आयती. होडीच्या तळाला ते असं चपखल बसतं की पेलाभर पाणीही मागे राहत नाही, आणि एरवी त्याच्याच पोटात दोराची गुंडाळी राहते. गऱ्यांची सोय तर त्याहून झकास. जुन्या हवाई चपलेच्या रबरात गऱ्या टोचायच्या आणि अंगठ्याच्या भोकातून दोरी ओवून चप्पल टांगायची. टोकं कुणाला लागत नाहीत, आणि पाण्यात पडली तर चप्पल तरंगते. मोठ्या गऱ्या डाव्या पायात, लहान उजव्या. शेजारचे तांडेलही ही चप्पल पाहून मान डोलावून गेले. अर्थात त्यांच्या होडीत ती दादाच्या जन्माआधीपासून असणार.

घोटाळा झाला तो लोहचुंबकाच्या पट्टीने. सुरी हाताशी हवी म्हणून त्याने ती पट्टी होकायंत्राशेजारीच चिकटवली. त्या दिवसापासून होडी कुठेही वळली तरी दादाची उत्तर दिशा सुरीकडेच. किनारा डोळ्यांना दिसतो म्हणून बरं, नाहीतर आम्ही वेंगुर्ल्याला जाऊन रत्नागिरी आली म्हणून उतरलो असतो.

मग वजनाचं प्रकरण. पाण्याचा 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो, पेट्रोलचा तेवढाच कॅन साधारण 15. दोन्ही इंजिनाजवळ, तिथेच दादा. नाळ आकाशाकडे बघायला लागली. जड सामान मध्यावर आणि तळाशी हवं, हे त्याला पाठ आहे. पण मध्यावर आम्रखंडाचं कपाट. त्या कपाटात पेट्रोल कोंडायचा बेत मात्र वहिनीने हाणून पाडला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते, हे तिला गॅस एजन्सीच्या माणसाने सिलिंडरच्या निमित्ताने कधीच शिकवलं होतं.

मी काही बोललो की दादा दिलीप दोंदेंचं नाव काढतो. दिवाडीला बांधलेल्या ‘म्हादेई’तून त्यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, मग त्यांनी सामान कुठे ठेवलं असेल? ती नाव 56 फुटी होती, हे मी सांगतो. दादाच्या मते हा फरक नियोजनाचा आहे.

परवा संगमाकडे निघालो. इंजिनाच्या लाल बटणाखाली एक क्लिप असते आणि तिची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद. दादा पाण्यात पडला नाही, टॉर्च शोधायला उठला. क्लिप निघाली, आणि उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक ते, मोडलीच. ओहोटी आम्हाला समुद्राकडे नेऊ लागली.

“जास्तीची क्लिप आसा,” दादा म्हणाला. “एकदम सेफ ठेवलेली आसा.”

आम्रखंड उघडलं, श्रीखंड उघडलं, गुलाबजाम उघडले. वल्ह्यांवर थर्माकोलचा खोका होता आणि खोक्यावर कपाटातले डबे. मी एकेक उचलून मांडीवर घेत होतो. वहिनीने अंबाड्याचं रबर सोडलं, बटणाखाली दोन वेढे दिले आणि सांगितलं, “ओढा आता.” इंजिन सुरू झालं.

किनारा जवळ आला तशी ती दादाला म्हणाली, “ह्या रबराक आता खंयचो डबो देतल्यात?”