डिकी की आभाळ

गाडी बंद पडली ती गडेगावपाशी. जागेची निवड वाईट नव्हती. इथे अशोक लेलँडचा कारखाना आहे, ट्रकांचे गिअरबॉक्स इथून तयार होऊन जातात, आणि जवळपासच्या चहाटपरीवर बसलेल्या प्रत्येकाला गिअर, क्लच आणि टर्बो या विषयांवर स्वतःचं ठाम मत असतं. त्या मंडळींनी दोन सीटची, कमरेइतकी उंच, लाल गाडी आधी उभ्याने पाहिली, मग वाकून पाहिली.

"इंजिन कोठी हाय जी, पुढं का मांगं?"

"पुढे," मालक म्हणाले. मालक नागपूरचे, धरमपेठेतले. मेहुणीच्या मुलीच्या साक्षगंधाला साकोलीला निघाले होते. शेजारच्या सीटवर सौभाग्यवती. तिसऱ्या माणसाला बोलावण्याची पंचाईत ही गाडी घेतल्यापासून मिटली होती. गाडी जर्मन, जुनी घेतलेली. नाव सांगायला नको, हप्ते अजून चालू आहेत.

अशा गाडीचं सगळं कौतुक तिच्या छतात असतं. बटण दाबलं की पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जातं. पण ते डिकीत जातं म्हणजे डिकी जाते. बॅग न्यायची असेल तर छत बंद ठेवा, छत उघडायचं असेल तर बॅग घरी ठेवा. त्या दिवशी डिकीत शालूची बॅग, आहेराची पिशवी आणि हल्दीरामचे चार डबे होते. त्यामुळे मार्गशीर्षातली छान कोवळी सकाळ दोघांनी काचेतूनच पाहिली.

महामार्गाचा नंबर ५३ होऊन बरीच वर्षं झाली, तरी इकडे तो अजून सहा नंबरच आहे. नागपूर ते भंडारा साठेक किलोमीटर. त्यात इतक्या बुटक्या गाडीत बसलेल्या माणसाला ट्रकचा ड्रायव्हर दिसत नाही, चाकाचे नट दिसतात. गावाजवळचा गतिरोधक आला की मालक गाडी तिरकी घालत, एकेक चाक चढवत, आणि तरी पोट घासलंच की दोघंही एकमेकांकडे न बघता पुढे बघत. कारध्याचा वैनगंगेवरचा पूल निर्विघ्न पार पडला. धानाची पोती भरलेल्या ट्रॉलीला ओलांडायला मालकांनी जोरात पाय दाबला, बॉनेटखाली "फट्" झालं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि ट्रॉली शांतपणे पुढे निघून गेली.

टर्बोचं काम तसं सरळ आहे. बाहेर जाणारा धूर वाया न घालवता त्यावर एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून लहान इंजिनाला मोठ्याची ताकद. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो, तोही तेलाच्या पातळ थरावर. तेल वेळेवर बदललं नाही, किंवा पळून आल्या आल्या गरम इंजिन खाडकन बंद केलं, की तेल आतच करपतं, सील जातं आणि मागून निळा धूर निघतो. हे भंडाऱ्याला कुणी शिकवायला नको. इथल्या जवळजवळ प्रत्येक नव्या ट्रकला टर्बो आहे, धान कापायला पंजाबातून येणाऱ्या हार्वेस्टरला आहे. ढाब्यावर उतरण्याआधी मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवणारा ट्रकवाला डिझेल जाळत नसतो, टर्बो थंड करत असतो.

शेजारच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने गाडी चालू करायला लावली, कान दिला आणि दोन सेकंदांत निकाल सांगितला. "हवा सुटून राह्यली जी. टर्बोचा पाइप फाटला."

निदान अचूक होतं. टर्बोकडून येणारी दाबलेली हवा या गाड्यांत बहुधा प्लास्टिकच्या पाइपातून जाते. बॉनेटखालची उष्णता आणि वर विदर्भाचा पंचेचाळीस अंशांचा मे, अशा चार-पाच उन्हाळ्यांत ते कडक होतं आणि एके दिवशी तडकतं. मग गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच ताकद आवरून घेतो. एरवी अशा गोष्टीत गावचा मिस्त्री सायकलची ट्यूब गुंडाळून शोरूमला हरवतो. इथे तसं झालं नाही. मिस्त्रीचा हातच आत जाईना. ट्रकचं इंजिन उघडं असतं, त्यात माणूस उतरून काम करतो. इथे दोन बोटं जेमतेम शिरत होती, आणि खालून जावं तर पत्रा स्टार बोल्टांनी बंद.

"स्टेपनी काढून पाहू, तिकून हात जाते का."

"स्टेपनी नाही," मालक म्हणाले.

टपरीवर शांतता पसरली. मालकांनी समजावलं की हे टायर रनफ्लॅट आहेत, हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर चालतात. एकाने हिशेब केला: साकोलीहून निघालं तर नागपूर वीस किलोमीटर राहतं.

मालकांना उगाच आपण एकटे फसलो असं वाटायला नको. स्मार्ट या कंपनीने २००३ मध्ये ६९८ सीसीचं टर्बो इंजिन असलेली इवलीशी रोडस्टर काढली. देखणी गाडी, पण छतातून पाणी आत, तिथून विजेच्या पेटीत, आणि दुरुस्तीची बिलं वॉरंटीत. खर्च झेपेना, २००५ मध्ये कंपनीने ती बंद केली. आपल्याकडे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची दोन सीटची गाडी बनत असे. तिला इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, टर्बो नाही. म्हणजे तडकायला निदान एक पाइप कमी. जुन्या रोडस्टरचा खरा खर्च पाइपाचा नसतोच. पावसाळ्यात पाला अडकून छताच्या नळ्या तुंबतात, पाणी डिकीच्या तळाशी साठतं, आणि छताची मोटर नेमकी तिथेच बसवलेली असते. मोटरची किंमत ऐकून माणूस छत कायमचं बंद ठेवायला तयार होतो. त्यात गाडी मागते जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल, आणि पंपावरच्या साध्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. त्याने ॲव्हरेज उतरतं. हल्ली सरकारी गोदामातला तांदूळही इथेनॉलला जातो. तेव्हा गाडीच्या पोटात भंडाऱ्याचा तांदूळ नसेलच असं नाही.

फाटक्या पाइपानेच, ताशी पन्नासच्या वर न जाता जोडपं साकोलीला पोचलं. साक्षगंध नीट पार पडलं. निघताना मेहुणीने घरच्या धानाचा तांदूळ काढला, अर्धं पोतं, आणि वर भंडाऱ्याची पितळी घागर. जिल्हा पितळेच्या भांड्यांचा. नाही म्हणायची सोय नव्हती. शालूच्या बॅगेने डिकी आधीच भरलेली. पोतं उरलेल्या सीटवर बसवलं, मांडीवर घागर दिली. गाडी चालू होताच टुंग टुंग सुरू झालं: सीटला वजन लागलं, पट्टा नाही. मालकांनी तांदळाला पट्टा बांधला.

सौभाग्यवती एसटीने निघाल्या. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. कारध्याच्या पुलाआधीच त्यांच्या बसने लाल गाडीला मागे टाकलं, आणि खिडकीतून त्यांना नवरा दिसला नाही, बंद छत दिसलं.