पोटाला वार नाही

आपल्याकडे देवांना वार वाटून दिलेले आहेत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. जिममध्येही हीच व्यवस्था चालते. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड. शुक्रवार पायांचा, आणि त्या दिवशी निम्म्या मंडळींच्या घरी नेमकं काहीतरी कार्य निघतं. या वाटणीत पोटाला वार मिळालेला नाही. त्याच्या वाट्याला येतात ती शेवटची दहा मिनिटं, तीही अंगातलं बळ संपल्यावर आणि घराचे वेध लागल्यावर. वास्तविक जिमची पावती फाडणाऱ्या बहुतेकांची मूळ तक्रार पोटाबद्दलचीच असते.

त्या दहा मिनिटांत लोक मॅटवर उताणे पडून शंभर-शंभर क्रंचेस मारतात. बेंच प्रेसचे शंभर रेप्स मारणारा माणूस शोधून सापडणार नाही. तिथे दहा-बारा सहज निघू लागले की वजन वाढतं. पोटाच्या बाबतीत मात्र वजनाला हात न लावता नुसता आकडा वाढवायचा. चाळीसनंतर हात मानेला ओढू लागतात, साठनंतर फक्त हनुवटी हलते आणि ऐंशीच्या पुढचं सगळं श्रद्धेवर चालतं. पोटाचा स्नायू हा दंडाच्या स्नायूइतकाच स्नायू आहे, आणि तो भरायचा तर त्यालाही दहा-पंधरा रेप्समध्ये दमवील असं ओझं हवं. शरीरसौष्ठववाले केबल क्रंच करतात तो यासाठीच. गुडघ्यांवर बसायचं, दोर डोक्याशी धरायचा आणि बरगड्या कमरेकडे गुंडाळत आणायच्या. पुढच्या महिन्यात वजनाची पिन एक घर खाली सरकवायची. प्रगती मोजायला याहून सोपी सोय नाही.

आता त्या सुप्रसिद्ध सहा चौकोनांकडे वळू. पोटाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना, जांघेच्या हाडापासून बरगड्यांपर्यंत जाणारा एकेक लांबट स्नायू असतो. त्याला आडव्या कंडरा छेदतात, बहुतेकांत तीन. त्यामुळे चौकोन पडतात. किती कंडरा आणि त्या कुठे, हे जन्माच्या आधीच ठरलेलं असतं. कुणाला चार चौकोन, कुणाला आठ. काहींचे डावे-उजवे एका ओळीत नसतात, आणि कितीही व्यायाम केला तरी ते ओळीत येत नाहीत. वरचं पोट आणि खालचं पोट हे दोन वेगळे स्नायू आहेत हाही असाच एक लाडका समज. स्नायू एकच, व्यायामानुसार फार तर ताणाचा भर थोडा वर किंवा खाली सरकतो. तरी ‘खालच्या पोटासाठी काहीतरी सांगा’ ही विनंती ट्रेनर रोज ऐकतो आणि रोज काहीतरी सांगतो. त्यालाही पोट आहेच.

त्या ‘काहीतरी’त बहुधा बारला लोंबकळून पाय वर घेणं असतं. व्यायाम उत्तम, पण फसवा. नुसते पाय उचलले की मांडी वर घेणारे स्नायूच बरंचसं काम उरकून टाकतात. कमरेचं हाड वर गुंडाळलं जाऊ लागतं तेव्हा पोटाचं खरं काम सुरू होतं. शाळेत जोडीदाराने पाय दाबून धरल्यावर मारलेल्या सिट-अप्सची हीच गोष्ट. त्यात पोटाइतकंच श्रेय मांडीकडे जात होतं. दोन्ही हातांत डंबेल घेऊन डावी-उजवीकडे वाकणारे गृहस्थ तर प्रत्येक जिममध्ये असतात. एका हातातलं वजन दुसऱ्या हातातल्याला सावरून घेतं आणि बगलेखालच्या तिरप्या स्नायूंना फारसं काम उरत नाही. त्यापेक्षा एकाच हातात जड डंबेल घेऊन ताठ चालावं. नळाला पाणी येण्याच्या काळात एका हातात भरलेली बादली घेऊन जिने चढणाऱ्या पिढीने हा व्यायाम फुकट केला. त्याला ‘सूटकेस कॅरी’ म्हणतात हे कळायच्या आत टाकी बसली.

पोट वाकण्यासाठी आहे असं आपण धरून चालतो. खरं तर त्याचं मोठं काम वाकू न देण्याचं आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्याचा अभ्यास करणाऱ्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठ जपणारे तीन व्यायाम लोकप्रिय केले: डोकं-खांदे जेमतेम उचलणारा कर्ल-अप, एका कुशीवरचा साइड प्लँक, आणि ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय लांबवणारा बर्ड-डॉग. तिन्ही बघायला इतके कंटाळवाणे की आरशासमोर करण्यात काही अर्थ नाही. डेडलिफ्ट मारणारा माणूस तर पोट आत ओढतच नाही. श्वास भरून तो ते चहूबाजूंनी कमरेच्या पट्ट्यावर दाबतो, कारण पोटातला तो दाबच कण्याला आधार देतो. कोल्हापूरच्या तालमीतला दूध-बदामावर पोसलेला पैलवान आठवा. चौकोन एकही दिसत नाही, पण त्या पोटाला हलवून दाखवा.

पोट आत ओढण्याचंही एक शास्त्र आहे. लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधामची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या योगातल्या क्रियांचा अभ्यास यंत्रं लावून केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात निर्माण होतो हे मोजून त्यांनी त्याला आपल्या गुरूंवरून माधवदास निर्वात असं नाव दिलं. पुढे 1977 ते 1979 अशी सलग तीन वर्षं मिस्टर ऑलिंपिया झालेल्या फ्रँक झेनची व्हॅक्यूम पोझ गाजली. तीही श्वास सोडून पोट पाठीला भिडवण्याचीच. कंबर बारीक दिसावी म्हणून ती घ्यायला हरकत नाही. मात्र दोन्हींपैकी कशानेही चरबी जात नाही.

ती पोटाच्या कुठल्याच व्यायामाने नेमकी पोटावरून जात नाही. शरीर चरबी कुठून काढायची हे आपल्याला विचारून ठरवत नाही. स्पर्धेच्या मंचावर हात डोक्यामागे घेऊन, एक पाय पुढे टाकून पोट-मांड्यांची पोझ देणारा खेळाडू आठवडेच्या आठवडे मोजून-मापून जेवलेला असतो. म्हणजे सर्वांत बलवान दिसतो त्या दिवशी तो बऱ्याचदा चांगलाच थकलेला असतो. आपल्याकडे तर उपवासाला साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप. उपवास सुटला की पुरणपोळी. या पंचांगाशी सामना करील असा डाएट चार्ट अजून छापला जायचा आहे.

म्हणून निवड साधी ठेवावी. वाकण्यासाठी केबल क्रंच किंवा कंबर गुंडाळणारा लेग रेज, न वाकण्यासाठी हातातलं चाक जमिनीवरून पुढे लोटत नेणारा रोलआउट, बगलांसाठी एका हातातलं ओझं. आठवड्यातून दोनदा, अंगात जोर असताना. सहा चौकोन दिसणं वाडवडिलांच्या आणि स्वयंपाकघराच्या हाती आहे. चाकाचे दहा रेप्स कंबर न खचता निघणं तेवढं आपल्या हाती, आणि ते सदऱ्याच्या आतूनही निघतात.