कॅपखालचा आवाज

जिवंत दातावर कॅप बसवली की प्रकरण मिटलं, असा शहापूरकरांचा समज. माझ्या दाताला मात्र त्यानंतरच कंठ फुटला. गार पाण्याचा घोट घेतला की सळक थेट कानशिलात! भातसा आणि तानसा ही धरणं आमच्याच तालुक्यात, पाणी मुंबईला, अन् उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. एवढ्या खटाटोपाने हाती आलेला माठातला तांब्या मी कोमट करून पिऊ लागलो. जाऊ दे, तो विषय काढला की दुसरंच दुखणं उठतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मुरबाडची मावशी म्हणाली, "लवंग दाब रे दाताखाली." एसटीत किन्हवलीला चढलेले बाबा म्हणाले, "काढूनच टाका. मी सगळे काढले, आता काय दुखंल?" याला उत्तर नाही.

पौषात म्हशाच्या यात्रेला गेलो, तर बैलबाजारात जो तो जनावराचा जबडा उघडून वय ताडत होता. दोन दाती, चार दाती, जुळलेला. मी गालाला हात लावून उभा. एका व्यापाऱ्याने मला असं न्याहाळलं, की अजून थोडा वेळ थांबलो असतो तर दावं धरून भाव केला असता.

शेवटी पुन्हा दवाखान्यात. तिथे उलगडा झाला. कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासतात, त्याने आतली नस डिवचली जाते. गारगरम थोडे दिवस झोंबतं आणि बहुधा आपोआप शमतं. मला भाकरी चावतानाही कळ येत होती, ती गोष्ट वेगळी. कॅप केसभर उंच राहिली, की प्रत्येक घास गतिरोधकावर आपटतो. बसवताना निळा कागद चावायला देतात खरा. पण इंजेक्शनने बधिर झालेल्या जबड्याची साक्ष कोण ग्राह्य धरणार? आता शुद्धीवरच्या तोंडाने कागद चावला, निळा ठिपका उमटला, डॉक्टरांनी तेवढाच घासला. आठवडाभरात भाकरी सुखाने उतरू लागली.

म्हणून सांगतो, कॅपवाल्यांनो, बधिरपणा उतरल्यावरही दात उंच लागला तर सोसत बसू नका, दाखवून या. आणि न चावताही रात्री ठणका उठला, किंवा गार घोट गिळून झाला तरी कळ रेंगाळली, तर लवंग मावशीला परत करा आणि पहिली एसटी पकडा.